बर्गरचा खिमा मळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बर्गरच्या छापील पाककृतींत एक सूचना हटकून असते: खिम्यात मीठ, चिरलेला कांदा, अंडे आणि ब्रेडचा चुरा घालून सगळे एकजीव होईपर्यंत मळा, मग पॅटी थापा. घरचा बर्गर चिवट आणि कोरडा का होतो, याचे उत्तर बहुतेक वेळा याच ओळीत सापडते. आपल्या पुरवणीचे वाचक छापलेल्या कृतीवर विश्वास ठेवून हजार रुपयांचे मांसही आणतील, तेव्हा या सूचनेची नीट चिरफाड व्हावी म्हणून हे पत्र.

आधी मिठाचे पाहू. मांसात मायोसिन नावाचे प्रथिन असते. मीठ लागले की ते विरघळून चिकट होते आणि मळताना खिम्याच्या कणांना एकमेकांशी जखडते. शिजल्यावर ही पकड आणखी पक्की होते. सॉसेजला हेच हवे असते, म्हणून तिथे मीठ आधी घालून खिमा हाताला चिकटेपर्यंत मळतात. बर्गरला याच्या उलट हवे. घास घेताना पॅटी सैल सुटली पाहिजे आणि कणांमधल्या बारीक पोकळ्यांत वितळलेली चरबी व रस थांबला पाहिजे. खात्री करायची तर दोन पॅटी भाजून मधोमध कापाव्यात. मीठ घालून मळलेल्या पॅटीचा काप गुळगुळीत, सलग, सुरीला दाबून परत येणारा दिसतो. भाजताना वरून मीठ लावलेल्या पॅटीत यंत्रातून आलेले खिम्याचे धागे वेगवेगळे ओळखू येतात, आणि सुरी टेकवताच ते सुटतात.

म्हणून मीठ फक्त बाहेरून आणि तव्यावर टाकायच्या क्षणी लावावे. 150 ग्रॅमच्या पॅटीला दोन्ही बाजू मिळून पाव छोटा चमचा, म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास बारीक मीठ लागते. पाहताना जास्त वाटते, पण आतला भाग पूर्ण अळणी असतो, त्यामुळे बाहेर तेवढे हवेच. मिरपूडही तेव्हाच. मीठ लावून पॅटी ताटात ठेवून दिली तर वरच्या थराला पाणी सुटते आणि ते पाणी तव्यावर वाफ होऊन भाजणे बिघडवते.

अंडे आणि ब्रेडचा चुरा मांसाच्या गोळ्यांसाठी ठीक आहे. बर्गरमध्ये ते घालावेसे वाटते, कारण खिमा कोरडा असतो. आणि खिमा कोरडा असतो, कारण त्यात चरबी नसते. दुखणे चरबीचे आहे, तर इलाजही तिथेच करावा. कच्चा कांदा आत घातला की त्याचे पाणी सुटते, त्या जागी पॅटीला भेगा पडतात आणि ती उलटताना तुटते. कांदा बाहेर ठेवा.

चरबीचे प्रमाण वजनाने 20 टक्के असावे. 15 च्या खाली गेले की पॅटी कोरडी पडते, 30 च्या वर गेले की ती आक्रसून लहान होते आणि तव्यात चरबीचे तळे साचते. बीफ घेत असाल तर खांद्याचा भाग एकट्यानेही पुरतो; त्यात थोडा छातीचा मिसळला तर चव अधिक भरते. मेंढीच्या खांद्यात चरबी बहुधा पुरेशी असते. बकरीचे मांस मात्र फार कोरडे, त्यामुळे 400 ग्रॅम मांसाला 100 ग्रॅम चरबी वेगळी मागून घ्यावी आणि दोन्ही एकत्र दळावे. पांढरे पापुद्रे आणि शिरा आधी काढाव्यात. बर्गर काही मिनिटांत शिजतो आणि तेवढ्या वेळात शिरा मऊ होत नाहीत, त्या दातांत येतात.

दळताना थंडावा सांभाळणे हे निम्मे काम आहे. मांसाचे दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे एका थरात पसरून 20 ते 30 मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवावेत. कडा ताठ झाल्या पाहिजेत, आतला भाग गोठता कामा नये. यंत्राची जाळी आणि पातेही गार करावे. चरबी गार असली की कापली जाते, कोमट झाली की चिरडली जाते आणि मांसावर तिचा लेप बसतो. असा खिमा फिका व पेस्टसारखा दिसतो आणि भाजताना सगळी चरबी लगेच बाहेर पडते. जाळी साधारण 5 ते 6 मिलिमीटर भोकांची घ्यावी. यंत्र नसेल तर मिक्सरच्या नादी न लागता फूड प्रोसेसरमध्ये एका वेळी 200 ग्रॅम तुकडे घेऊन, एकेक सेकंदाचे आठ-दहा झटके द्यावेत. दुकानात दळून घेणार असाल तर जाड जाळीतून एकदाच काढायला सांगावे. दुसऱ्यांदा काढला की खिमा घट्ट होतो.

पॅटीला आकार देताना हात हलका लागतो. खिमा वजन करून घ्यावा, सैल गोळा करावा आणि कडा जुळेपर्यंतच दाबावा. जाड पॅटी 150 ग्रॅमची, दोन सेंटिमीटर उंच आणि पावापेक्षा एक-दीड सेंटिमीटर रुंद हवी, कारण भाजल्यावर ती आत ओढली जाते. मधोमध अंगठ्याने अर्धा सेंटिमीटर खोल, रुंद खळगा करावा. उष्णतेने कडा आधी आवळतात आणि मधला भाग वर ढकलला जातो. खळगा नसेल तर पॅटी चेंडूसारखी फुगते आणि वरची टोमॅटोची चकती घसरते. तयार पॅटी तव्यावर जाईपर्यंत फ्रीजमध्येच असावी.

आता भाजणे. दोन पद्धती आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की घोळ होतो.

पातळ पॅटीसाठी 60 ग्रॅमचे सैल गोळे करावेत, एका बर्गरला दोन. बिडाचा किंवा जाड पोलादी तवा मोठ्या आचेवर धुराची पहिली रेघ दिसेपर्यंत तापवावा. नॉनस्टिक तवा इथे चालत नाही: एवढ्या तापमानाला त्याचा लेप खराब होतो, शिवाय मांस तव्याला चिकटणे हेच इथे हवे असते. गोळा टाकला की वर बेकिंगचा कागद ठेवून जड, सपाट वस्तूने दहा सेकंद जोर लावून दाबावा आणि कागद काढून मीठ-मिरपूड घालावी. हे दाबणे पहिल्या अर्ध्या मिनिटात उरकलेच पाहिजे. तेव्हा चरबी अजून घट्ट असते, त्यामुळे दाबून काहीच वाया जात नाही. दोन मिनिटांनी दाबाल तर वितळलेली चरबी आणि रस तव्यात ओतला जाईल. ‘बर्गर दाबू नये’ आणि ‘बर्गर दाबावा’ हे दोन्ही सल्ले खरे आहेत. फरक फक्त वेळेचा आहे. दीड मिनिटात कडा तपकिरी, जाळीदार होतात आणि वरच्या बाजूला रसाचे थेंब दिसू लागतात. मग धारदार उलथने तव्याला टेकवून, खरवडत, खालचा खरपूस थर तुटू न देता पॅटी उलटावी. तो थर तव्यातच राहिला तर ही पद्धत वापरून काही साधले नाही, कारण सगळी चव त्याच थरात असते. दुसरी बाजू जेमतेम एक मिनिट भाजावी.

या चवीमागची अभिक्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी 1912 मध्ये मांडली. प्रथिने आणि शर्करा यांच्यातली ही अभिक्रिया साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे झपाट्याने होते, आणि पाणी तर 100 अंशांवरच उकळत राहते. म्हणजे पृष्ठभाग ओला असेल तोवर मांस उकडते, भाजले जात नाही. तव्यात गर्दी करू नका म्हणतात ते यासाठीच. चार पॅटी एकदम टाकल्या की तवा थंडावतो, पाणी साचते आणि खिमा करडा पडतो.

जाड पॅटीला मध्यम ते मोठी आच, चमचाभर तेल, आणि दाबणे अजिबात नाही. प्रत्येक बाजूला सुमारे चार मिनिटे लागतात. एकदाच उलटण्याऐवजी दर मिनिटाला उलटली तर आतला भाग अधिक सारखा शिजतो. निखाऱ्यावर भाजायची असेल तर निखारे एकाच बाजूला रचावेत. चरबी ठिबकून ज्वाळा उठल्या की पॅटी दुसऱ्या बाजूला सरकवता येते. ज्वाळेत राहिलेल्या पॅटीला काजळीची कडवट चव लागते.

शिजली की नाही हे रंगावरून ओळखायला जाऊ नये. अख्ख्या मांसावर जंतू बाहेरच्या भागावर असतात. दळल्यावर ते आतपर्यंत पोचतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने खिम्यासाठी आत 71 अंश सेल्सिअस आणि कोंबडीसाठी 74 अंश हे तापमान ठरवून दिले आहे. खिमा कधीकधी 71 अंशांच्या आधीच तपकिरी होतो, तर कधी नंतरही गुलाबी राहतो. थर्मामीटर वरून न खुपसता कडेने आडवा, थेट मध्यापर्यंत घालावा. 71 अंशांनाही बर्गर रसाळ राहतो, मात्र चरबी 20 टक्के असली आणि खिमा मळलेला नसला तरच. कोरडेपणाचे खापर तापमानावर फोडणारे सहसा हे दोन्ही विसरलेले असतात.

चीज शेवटच्या मिनिटाला ठेवावे, तव्याच्या कडेला छोटा चमचाभर पाणी टाकावे आणि वर झाकण घालावे. वाफेने ते अर्ध्या मिनिटात पॅटीवर पसरते. मला इथे साधी प्रोसेस्ड चीजची चकतीच सर्वांत योग्य वाटते. तिच्यातल्या सायट्रेट किंवा फॉस्फेट क्षारांमुळे प्रथिने व चरबी एकत्र राहतात. मुरलेल्या चेडारची चव मोठी, पण तापल्यावर त्याचे तेल वेगळे होते आणि खाली चिवट गोळा उरतो. ते वापरायचेच असेल तर बारीक किसून, आच बंद केल्यावर घालावे.

पाव मऊ हवा आणि दाबल्यावर परत वर येणारा हवा. कडक कवचाचा पाव चावताना आतले सगळे मागच्या बाजूने बाहेर येते. कापलेल्या बाजूंना लोणी लावून मध्यम आचेवर मिनिट-दीड मिनिट भाजावे, सोनेरी होईपर्यंत. न भाजलेला पाव रस शोषून पाच मिनिटांत लगदा होतो. खालच्या भागावर मेयोनेज लावले की त्यातल्या तेलामुळे ओल आणखी थोपते. सॉस साधाच असावा: चार मोठे चमचे मेयोनेज, एक मोठा चमचा केचप, एक छोटा चमचा मोहरीचा सॉस आणि एक मोठा चमचा बारीक चिरलेली व्हिनेगरमधली काकडी. ही काकडी वगळू नये, चरबीला आंबटपणाचा उतारा लागतोच. टोमॅटोच्या अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्यांना मीठ लावून पाच मिनिटे कागदावर निथळू द्यावे. कांदा कागदासारखा पातळ कापावा, उग्र असेल तर दहा मिनिटे गार पाण्यात ठेवून कोरडा करावा. लेट्यूसची पाने धुतल्यावर पूर्ण पुसावीत. पाने पॅटीच्या खाली घालावीत, म्हणजे रस आधी त्यांच्यावर येतो; टोमॅटो आणि कांदा वर. बर्गरची उंची सात सेंटिमीटरच्या वर नेण्यात काही अर्थ नाही. तीन-तीन पॅटी रचून वर काडी खोचलेला बर्गर फोटोत शोभतो, पण एका घासात पाव, मांस, चीज आणि काकडी एकत्र येत नसतील तर तो बर्गर म्हणून फसलेलाच.

कोंबडीचा खिमा मांडीचा घ्यावा. छातीचा घेतला तर 500 ग्रॅमला दोन मोठे चमचे किसलेले गार लोणी मिसळावे. तो मुळातच चिकट असतो, तेव्हा हात ओले करून पॅटी करावी आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी.

शाकाहारी पॅटीला मात्र वरचे नियम जसेच्या तसे लावू नयेत. तिथे मांसातले प्रथिन नाही, त्यामुळे बांधणारे काहीतरी लागतेच आणि मीठही आतच घालावे लागते. तिचा शत्रू पाणी. शिजवून निथळलेला 400 ग्रॅम राजमा ओव्हनमध्ये 175 अंशांवर 15 मिनिटे, साली फुटून कोरड्या होईपर्यंत ठेवावा. 250 ग्रॅम मशरूम चिरून, सुटलेले पाणी पूर्ण आटून तपकिरी होईपर्यंत परतावेत. अर्धा राजमा ठेचावा, अर्धा अख्खा ठेवावा. सगळाच वाटला तर आतून चिकट लापशी होते. 50 ग्रॅम ब्रेडचा चुरा आणि एक अंडे, किंवा अंड्याऐवजी एक उकडलेला बटाटा घालून मिश्रण अर्धा तास गार करावे, म्हणजे चुरा ओल शोषून घेतो. ही पॅटी तव्यावर दाबू नये, मध्यम आचेवर तेलात प्रत्येक बाजूला चार मिनिटे भाजावी. पहिली बाजू घट्ट होईपर्यंत तिला हात लावला की ती मोडते.

आपल्या पुरवणीकडे माझे एवढेच मागणे आहे, की बर्गरची कृती छापताना खिमा वाटीत न देता ग्रॅममध्ये द्यावा, चरबीची टक्केवारी आणि आतले तापमान लिहावे, आणि साहित्याच्या यादीत मिठापुढे ‘भाजताना, वरून’ हे शब्द घालावेत.

आपला,
एक वाचक