स्नोमोबाइल हा श्रीमंतांचा खेळ नव्हता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतला बर्फातल्या खेळांवरचा लेख वाचला. स्नोमोबाइलला, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या मोटारसायकलसारख्या गाडीला, एका वाक्यात ‘श्रीमंतांचा छंद’ म्हणून लेखक पुढच्या विषयाकडे वळले. ते वाक्य माझ्या मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

मी मिरजेत नर्सिंग शिकले आणि गेली १८ वर्षे अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटातल्या एका लहान गावात रुग्णालयात काम करते. गुलमर्गला जाऊन आलेल्या आपल्या वाचकांना स्नोमोबाइल माहीत असते ती चालकाच्या मागे बसून मारलेल्या एका फेरीपुरती. इथे लोक तिला नुसते ‘स्लेड’ म्हणतात, आणि ती बाळगणारे माझे शेजारी म्हणजे शेतकरी, जंगलात लाकूडकाम करणारे, ट्रक चालवणारे, शाळेच्या स्वयंपाकघरात राबणारी बाई. पाच महिने बर्फात काढायचे असतात. शनिवारी सकाळी बापलेक स्लेडवरून निघतात, गोठलेल्या तळ्यावर मासे धरतात आणि अंधार पडायच्या आत घरी येतात. हे सुख त्यांच्या हातून निसटताना मी पाहते आहे.

या यंत्राचा जन्मच मुळी एका बापाच्या दुःखातून झाला. कॅनडातल्या क्वेबेकमधल्या वॅलकोर्ट गावचे मेकॅनिक जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात आतड्याच्या दुखण्याने गेला. रस्ते बर्फाखाली होते, रुग्णालय गाठता आले नाही. बोम्बार्डिए आधीपासूनच बर्फावर चालेल अशा गाडीच्या खटपटीत होते, पुढे त्यांनी त्यातच स्वतःला वाहून घेतले. १९३७ मध्ये पट्ट्यावर चालणाऱ्या गाडीचे पेटंट मिळाले. त्या गाड्यांतून डॉक्टर रोग्यांकडे गेले, मुले शाळेत गेली. रात्रपाळीत बर्फाचे वादळ सुटले आणि रुग्णवाहिका वाटेत अडकली, की ही हकीकत मला आठवल्याशिवाय राहत नाही. एकदोन माणसांची छोटी ‘स्की-डू’ आली १९५९ मध्ये. किंमत सुमारे ९०० डॉलर. आजच्या हिशेबाने ते नऊ-दहा हजार कॅनडियन डॉलर होतात, म्हणजे ती फुकट मिळत होती असे नाही. पण ती घरच्या पान्याने दुरुस्त होत असे. माझे वडील त्यांची बजाज स्कूटर आडवी करून, प्लग पुसून चालू करायचे, तसेच.

आज नवी बऱ्यापैकी स्लेड १५ हजार अमेरिकी डॉलरच्या आसपास जाते. टर्बो इंजिनाची, डोंगर चढणारी घ्यायची तर २० हजारांच्या पुढे. यातली काही वाढ रास्त आहे, हेही सांगितले पाहिजे. जुनी टू-स्ट्रोक इंजिने भयंकर धूर ओकत, धुराचे नियम कडक झाले आणि यंत्रे खरोखरच स्वच्छ झाली. पण मोठे डिजिटल स्क्रीन, टर्बो आणि दर वर्षी आणखी ताकद यांची मागणी माझ्या शेजाऱ्यांनी तरी कधी केली नव्हती. शिवाय नुसत्या स्लेडवर भागत नाही. ती ओढून न्यायला ट्रेलर, ट्रेलर ओढायला पिकअप, हेल्मेट, गरम कपडे, विमा, नोंदणी, पेट्रोल. दोघांच्या कुटुंबाला दोन स्लेड लागतात. आमच्याकडे सफाईचे काम करणाऱ्या एका सहकाऱ्याने गेल्या वर्षी आपली विकली. मुलगा मोठा होत होता, त्याच्यासाठी दुसरी घेणे जमणार नव्हते, आणि मुलाला घरी ठेवून एकट्याने फिरायला त्याचे मन घेईना.

त्यात हिवाळाच भरवशाचा राहिला नाही. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सर्वांत उबदार हिवाळा ठरला. कित्येक ठिकाणी ट्रेल, म्हणजे स्लेडसाठी आखलेल्या बर्फातल्या वाटा, जेमतेम उघडल्या, काही उघडल्याच नाहीत. बर्फ पडो न पडो, कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला भरावाच लागतो. पगारदार माणसाने या जुगारात १५ हजार का घालावेत?

१९७१ च्या सुमारास उत्तर अमेरिकेत वर्षाला जवळजवळ पाच लाख स्लेड विकल्या जात. आज साऱ्या जगात मिळून त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्याही जात नाहीत. यामाहाने २०२३ मध्ये या धंद्यातून अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले. आमच्याच राज्यातल्या थीफ रिव्हर फॉल्सच्या आर्क्टिक कॅट कारखान्यात २०२४ च्या अखेरीस उत्पादन थांबवण्याची घोषणा झाली, नंतर मालकही बदलले. गिऱ्हाईक कमी झाले की उरलेल्यांना आणखी महाग माल विकायचा, हा मार्ग कुठे जातो ते तिथल्या कामगारांना विचारावे.

पुरवणीतल्या लेखात सर्वांत खटकले ते हे, की ट्रेल कोण राखते याचा त्यात उल्लेखच नाही. मिनेसोटात ३५ हजार किलोमीटरहून अधिक ट्रेल आहेत आणि त्यांतल्या बहुतेक गावोगावच्या क्लबांचे स्वयंसेवक सांभाळतात. शरद ऋतूत पडलेली झाडे कापायची, पाट्या रोवायच्या, थंडीत रात्र-रात्र ग्रूमर नावाची गाडी चालवून बर्फ दाबून सपाट करायचा. किती तरी ट्रेल शेतकऱ्यांच्या खासगी रानातून जातात, आणि ते एक पैसा न घेता वाट देतात. सरकारी अनुदान मिळते, पण त्याचा मोठा भाग स्लेडच्या नोंदणीतून आणि पेट्रोलवरच्या करातून येतो. स्लेड कमी झाल्या की अनुदान आटते. आमच्या क्लबात ग्रूमर चालवणाऱ्यांच्या स्वतःच्या स्लेड वीस-वीस वर्षे जुन्या आहेत. सकाळी त्या ताज्या ट्रेलवरून शहरातून आलेल्या नव्या यंत्रांची रांग जाते. मला त्या पाहुण्यांचा राग नाही, त्यांच्यामुळे गावातली खानावळ चालते. पण वाट करणाऱ्यालाच वाटेवर येणे परवडू नये, हे मला सहन होत नाही.

उत्तर फिनलंडमधल्या सामी लोकांचे उदाहरण इथे द्यावेसे वाटते. १९६० च्या दशकात रेनडिअर राखायला स्नोमोबाइल आली. ज्यांना यंत्र आणि पेट्रोल झेपले त्यांचे कळप टिकले, आणि बरीच कुटुंबे काही वर्षांतच त्या धंद्यातून बाहेर फेकली गेली. तिथे प्रश्न पोटाचा होता, आमच्याकडे तो नाही. पण यंत्र महाग झाले की माणसे कशी गळतात, ते तिथे आधीच दिसले होते.

कंपन्यांनी साधी, घरी दुरुस्त होणारी, कमी ताकदीची स्लेड पुन्हा मनापासून बनवावी. आणि जो वर्षभर ट्रेलसाठी राबतो त्याची नोंदणी फी राज्याने माफ करावी, हे मी आमच्या क्लबच्या बैठकीतही मांडले आहे.

लेखकांना माझे आग्रहाचे निमंत्रण कळवावे. जानेवारीत इकडे यावे आणि एक रात्र आमच्या ग्रूमरमध्ये बसावे. चालकाच्या शेजारी एक जागा असते. जाड मोजे आणि चहाचा थर्मास मी देईन.

आपली नम्र,
एक वाचक, उत्तर मिनेसोटा