रमजानाआधी, लेकीला

मस्कत

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

कुवेतच्या लॅबमध्ये आता हात बसला असेल. तू सांगलीला आजीकडे शिकलीस, इथे यायचीस ती मे महिन्याच्या सुट्टीत आठ-पंधरा दिवस. त्यामुळे नोकरीतला रमजान तुला नवीन आहे. फोनवर अर्ध्या गोष्टी राहून जातात, म्हणून लिहायला बसले.

आधी कायद्याचं सांगते. तिथे १९६८ सालचा कायदा आहे. रोजाच्या वेळेत चारचौघांत खाल्लं-प्यायलं तर १०० दिनारपर्यंत दंड किंवा महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि तो आपल्यालाही लागू आहे. गाडीत सिग्नलला पाण्याची बाटलीसुद्धा तोंडाला लावू नकोस. जेवायची सोय कुठे केली आहे ते पहिल्याच दिवशी विचार आणि तिथे दार लावून नीट जेव. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. कुणाला बरं वाटावं म्हणून उपाशी मात्र राहू नकोस. ती त्यांची उपासना आहे, आपण तिची नक्कल कशाला करायची?

यंदा रोजे थंडी सरताना येतायत, बारा-तेरा तासांचे. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळे महिना दरवर्षी अलीकडे येतो. २०१६ मध्ये तो जूनमध्ये होता. पारा चाळिशीपार, रोजा पंधरा तासांचा, आणि समोरच्या इमारतीच्या बांधकामावरचे बांगलादेशी, पाकिस्तानी मजूर तोंडात थेंब न घेता उभे असायचे. आपल्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी असते, गं. ते बघितल्यापासून "पाणीसुद्धा नाही?" असं मी कुणाला विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस.

आणि एखादी मैत्रीण रोजा धरत नसेल तर का, हेही नको. पाळी, गरोदरपण, आजारपण, प्रवास, या सगळ्यांत सूट असते. राहिलेले रोजे बायका मागाहून गुपचूप पुरे करतात. पुरुषांदेखत असा प्रश्न आला की त्यांची किती कोंडी होते, ते मी जवळून पाहिलंय.

तुझ्या हातात खरं काही असेल तर ते कामाचं. जोखमीचं, डोकं लावायचं काम सकाळीच उरकत जा. दुपारी तीननंतर समोरच्याच्या डोक्यात कळ येते, चहा-सिगारेट सुटल्याने आणखीच. संध्याकाळची पाळी असेल तर मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानच्या वेळी आपणहून सांग, "तुम्ही बसा, नमुने मी बघते." त्यांना खजूर, पाणी, नमाज, दोन घास एवढा वेळ शांतपणे मिळायला हवा. इथल्या इस्पितळांत आपली मुलंमुली हे वर्षानुवर्षं करतात, आणि दिवाळीत आपली पाळी तीच माणसं घेतात. अजानच्या आधीचा अर्धा तास गाडी काढू नकोस. सगळे घर गाठायला सुसाट निघालेले असतात.

इफ्तारचं बोलावणं आलं तर जा. अजान होईपर्यंत खजुराला हात लावू नकोस. हरीस म्हणजे गव्हाची घोटलेली खीर, पण तिच्यात मांस असतं, तेव्हा आपण खात नाही हे आधीच मोकळेपणी सांग. आपल्या शेजारच्या ओमानी काकूंना मी सांगितलं, तेव्हापासून आपल्यासाठी वेगळ्या ताटलीत गरम लुकैमात, म्हणजे पाकातले तळलेले गोड गोळे, येतात. त्यांची ताटली रिकामी कशी धाडायची, म्हणून होळीच्या सुमारास पुरणपोळी जाते.

मशिदीजवळच्या तंबूत मजूर इफ्तारला बसतात, कुणाला धर्म विचारत नाहीत. तिथे मदतीला गेलीस तर मला आनंदच होईल. फोटो मात्र काढू नकोस. दिवसभर उपाशी राहिलेला माणूस जेवतोय, त्याचं चित्र आपल्या फोनमध्ये कशाला?

महिन्याच्या मध्यावर गरगिआन हा मुलांचा सण असतो, तेव्हा पोरं गाणी म्हणत दारावर येतील. गोळ्या, दाणे, सुका मेवा आणून ठेव.

ईद चंद्रावर ठरते, २९ किंवा ३० रोज्यांनंतर. इकडे यायचं तिकीट काढशील तेव्हा एक दिवस पुढचा धर. बाबा विमानतळावर येतील. येताना तिकडची वेलची घालायची अरबी कॉफी आण, त्यांना हवी आहे.

तुझी,
आई