प्रिंटरआधी करवत

महोदय,

केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेमुळे अनेक माध्यमिक शाळांत थ्रीडी प्रिंटर आले. पण 'डिझाइन आणि तंत्रज्ञान' तिथून शिकवायला घेणे म्हणजे आधी कळस, मग पाया. आठवीच्या मुलांना आधी पुठ्ठा, पोलादी पट्टी आणि 4 मिमी प्लायवूड द्यावे. माप घेताना पट्टीची झिजलेली कड न धरता 1 सेंमीच्या खुणेपासून मोजायचे आणि रेघेच्या बाहेरून कापायचे. करवतीच्या पात्यालाही जाडी असते. ती न धरल्यानेच खोक्याच्या बाजू जुळत नाहीत.

मग विजेचे काम. 9 व्होल्टच्या बॅटरीला लाल एलईडी थेट जोडला की तो जळतो. मध्ये प्रवाह आवरणारा 470 ओहमचा रेझिस्टर हवा. हे सुटे भाग पुण्याच्या बुधवार पेठेत काही रुपयांत मिळतात, तेव्हा एखादा मुद्दाम जाळून दाखवायला हरकत नाही. डाग देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, मुले सोल्डरची तार सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर वितळवून जोडावर थापतात. तो डाग हमखास सुटतो. आधी दोन-तीन सेकंद जोड तापवायचा, मग सोल्डरची तार त्या जोडालाच लावायची. खिडक्या उघड्या, डोळ्यांवर चष्मा, नंतर साबणाने हात धुणे. यात सवलत नको.

प्रिंटर मग येऊ द्या. पावसाळ्यात पीएलएचे, म्हणजे छपाईच्या प्लास्टिक धाग्याचे, रीळ उघडे राहिले की ते ओल धरते, छपाईत फटफट आवाज येतो, वस्तूवर तंतू लोंबतात. सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा पुरतो. सलग दोन तासिका मात्र वेळापत्रकात हव्यातच. पस्तीस मिनिटांत हत्यारे काढून मांडेपर्यंत घंटा होते.

– एक वाचक, पुणे