अठरा झाली म्हणून पोटगीचा हक्क संपतोच असे नाही

'मुलगा अठराचा झाला, पोटगी बंद' असा सरसकट समज आहे. तो मुलींच्या शिक्षणावर उठतो, म्हणून हे पत्र.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) अपत्याची पोटगी सज्ञान होईपर्यंतच मिळते, हे खरे. मात्र शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या अपत्याला वयाची अट नाही. मुलगी असल्यास अविवाहित हवी. हिंदू अविवाहित मुलीसाठी आणखी एक वाट आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २० खाली स्वतःच्या कमाईवर वा मालमत्तेवर निर्वाह होत नसेल, तर ती लग्नापर्यंत पोटगी मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच स्पष्ट केले. त्यासाठी वेगळी मागणी करावी लागते. जुना आदेश आपोआप पुढे चालत नाही, आणि इथेच अनेक आया फसतात.

दुसरी चूक थकबाकीची. सज्ञान होण्यापूर्वीची थकलेली रक्कम वाढदिवसाने माफ होत नाही. पण वसुलीचे वॉरंट हवे असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. 'देईल हळूहळू' म्हणत थांबू नका.

वडिलांनीही आदेशाचे शब्द नीट वाचावेत. आई व मुलांची रक्कम वेगळी लिहिलेली नसेल, तर मूल सज्ञान झाले म्हणून परस्पर कपात न करता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली बदलाचा अर्ज करावा.

– एक वकील, ठाणे