चित्रालेखात प्रमाण कुठंय?

संपादक साहेब, नमस्कार.

प्राथमिकच्या गणितात चित्रालेख, म्हणजे आकडे चित्रं काढून दाखवायचे, म्हणून धडा असतो. ऐरोलीत मी चौथी-पाचवीच्या शिकवण्या घेते त्यामुळे त्याचे ढीगभर चार्ट बघायला मिळतात, चकचकीत स्टिकर, ग्लिटर पेन, निम्मं काम आईचं आणि खाली प्रमाण लिहिलेलंच नाही. एक आंबा म्हणजे एकच आंबा की दहा, हे कळणार नसेल तर तो चार्ट वाचायचा कसा?

आयता तक्ता हातात दिला की सगळी मजाच जाते. मी पोरांना सांगते सोसायटीच्या गेटवर उभं राहा, किती रिक्षा किती स्कूटर गेल्या ते ताळ्याच्या खुणांनी मोजा, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. प्रमाणही त्यांनीच ठरवायचं. 35 रिक्षा झाल्या आणि एक चित्र म्हणजे 10 धरलं की साडेतीन रिक्षा काढाव्या लागतात, मग 'टीचर अर्धी रिक्षा कशी चालेल' म्हणून जो गोंधळ सुरू होतो ना, खरं शिकणं तिथेच होतं, कारण मग कोणीतरी आपणहून म्हणतं 5 धरूया, सात पुऱ्या येतात.

आपल्या ठाण्याच्या रेल्वेचंच बघा. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, 14 डबे, साधारण 400 पाहुणे. डबे 14 काढता येतील पण 400 माणसं कोण काढत बसणार? एक माणूस म्हणजे 50 धरलं तर आठ माणसं पुरतात. आता वरवर बघणारा म्हणेल डबे माणसांपेक्षा जास्त! म्हणून एका चित्रालेखात सगळ्यांना प्रमाण एकच हवं, नाहीतर दोन वेगळे काढा.

आणि राग मानू नका पण पेपरवालेही हेच करतात. आकडा दुप्पट झाला की चित्र उंचीला दुप्पट, रुंदीलाही दुप्पट, म्हणजे डोळ्याला दिसतं चौपट. व्हिएन्नात आकडेवारी चित्रांनी दाखवणाऱ्या ऑटो नॉयराथ या माणसाने 1920 च्या दशकातच सांगितलं होतं की संख्या वाढली तर चित्र मोठं करू नका, तेवढ्याच आकाराची चित्रं जास्त काढा.

तर विनंती एवढीच की मुलांच्या पानावर दर आठवड्याला एक अर्धवट चित्रालेख छापा. पावसाळ्यात आपल्या नवी मुंबईला पाणी देणाऱ्या मोरबे धरणाचा साठा घ्या, एका बादलीचं प्रमाण ठरवून द्या आणि उरलेल्या बादल्या मुलांना काढू द्या. प्रश्नही नुसते 'सगळ्यात जास्त कधी' असे नकोत, 'जूनपेक्षा ऑगस्टला कितीने जास्त' असे विचारा, तिथे पोरं खरी अडकतात. जागा कमी पडली तर राशीभविष्य थोडं आखडतं घ्या, निदान माझी तरी काही तक्रार नाही.

एक शिकवणीवाली टीचर, ऐरोली, नवी मुंबई