खोटं असतं का रे, काका?

चरई, ठाणे (प.)
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय पक्या,

तुझा फोन आला तेव्हा मी कळव्याच्या पुढे दारात लटकत होतो, धड बोलता आलं नाही. पोराला शाळेत कुणीतरी सांगितलं की रेसलिंग सगळं खोटं असतं, आणि तो न जेवता झोपला. याला आता काय सांगू, असं तू मला विचारतोस! बेचाळिसाव्या वर्षी या विषयातला जाणकार मी, हे ऐकून बायको म्हणाली, "बायोडेटात टाका."

आपल्याला कधी कळलं रे? चाळीत तर टीव्हीवरच्या रेसलिंगमधला, मेलेल्या माणसाचं सोंग घेणारा अंडरटेकर सात वेळा मरून परत आलाय यावर एकमत होतं. १९९६ साली 'खिलाडियों का खिलाडी' सिनेमातला अंडरटेकर पाहून आपण तलावपाळीच्या कठड्यावर बसून भांडलो होतो, आठवतंय? तू म्हणत होतास हा खरा, मी म्हणत होतो याचा चेहरा वेगळा आहे. तो ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान होता. गंमत म्हणजे १९९४ च्या समरस्लॅम या रेसलिंगच्या मोठ्या शोमध्ये खऱ्या अंडरटेकरसमोर जो नकली अंडरटेकर उभा केला होता, तोही हाच. कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीनेच मान्यता दिलेला डुप्लिकेट! तेव्हा हे माहीत असतं तर तुझ्याकडून एक वडापाव वसूल केला असता.

खऱ्या अंडरटेकरबरोबर अस्थिकलश घेऊन फिरणारा त्याचा तो पांढराफटक मॅनेजर पॉल बेअरर मात्र खरोखर प्रेतं तयार करायचं शिक्षण घेतलेला माणूस होता. आणि ज्याच्या मुखवट्याला मी टरकायचो तो पैलवान केन २०१८ साली अमेरिकेतल्या नॉक्स काउंटीचा मेयर झाला. पाणीपट्टीची तक्रार घेऊन केनसमोर उभं राहायचं म्हणजे बघ.

पण खरी टरकायची जागा दुसरीच. १९९३ ला टीव्हीवर रामसे बंधूंचा झी हॉरर शो सुरू झाला आणि आपला संडास गॅलरीच्या टोकाला. चाळीस वॅटचा बल्ब, तोही कुणीतरी काढून नेलेला. मी तुला हाक मारायचो, तू बाहेर उभा राहून मोठ्याने पाढे म्हणायचास, आणि सतराच्या पाढ्याला येऊन मुद्दाम गप्प व्हायचास. नालायका. ते रामसे बंधूंचं भूत मला अजून सोडत नाही. लोक हसतात, रबराचे मुखवटे म्हणतात. असू दे. त्यांच्या घरात हे सगळं सुरूच झालं एका मुखवट्यामुळे. १९७० साली त्यांच्या वडिलांनी काढलेला सिनेमा आपटला होता, पण त्यात पृथ्वीराज कपूर राक्षसाचा मुखवटा चढवून चोरी करतात तेवढ्याच सीनला पब्लिक किंचाळत होतं. पोरांनी ते हेरलं आणि १९७२ ला 'दो गज जमीन के नीचे' काढला. त्यांच्याच 'पुराना मंदिर'मधला राक्षस सामरी झालेला तो अनिरुद्ध अगरवाल, शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. आपल्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट सामरी करतोय असं हल्ली मला स्वप्न पडतं.

हे दोन नाद मला वेगळे कधी वाटलेच नाहीत. अंडरटेकर यायचा म्हणजे दिवे जातात, घंटा वाजते, धुरातून काळी टोपी हळूहळू पुढे येते. ती कुस्ती आहे की भुताचा पिक्चर, तूच सांग. आमचे आजोबा आधी टीव्हीकडे पाठ करून बसायचे. "नुरा कुस्ती! खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून पदक आणलं, त्या देशात हे बघता?" एकदा मात्र अंडरटेकरची एंट्री बघताना त्यांची सुपारी अडकित्त्यातच राहिली. म्हणाले, "मेल्यांनू, हो तर आपलो संकासूर!" कुडाळकडे दशावतारात काळ्या वेषातला संकासुर राक्षस आला की पोरं आईच्या पदराआड शिरायची. सकाळी तोच माणूस बैल घेऊन शेतात चाललेला दिसायचा, त्याला कुणी 'खोटा' म्हणत नसे. त्या दिवसानंतर आजोबा टीव्हीकडे तोंड करून बसू लागले. शिव्या चालूच होत्या म्हणा.

तर पोराला काय सांगायचं. तो मोठा झाला की त्याला २८ जून १९९८ ची पिट्सबर्गची मॅच दाखव, आता नको. अंडरटेकर मॅनकाइंड नावाच्या पैलवानाला रिंगभोवतीच्या १६ फुटी पिंजऱ्यावरून कॉमेंटेटरांच्या टेबलावर फेकतो. ते ठरलेलं होतं. त्याचा खांदा निखळतो, स्ट्रेचर येतो, आणि हा बाबा स्ट्रेचरवरून उठून पुन्हा वर चढतो. मग चोकस्लॅम बसतो, म्हणजे गळा धरून उचलून आपटणं, आणि छताची जाळीच तुटते. ते ठरलेलं नव्हतं. पाठोपाठ खुर्चीही त्याच्या तोंडावर. तुटलेला दात नाकात गेला होता. तरी त्याने मॅच पुरी केली, आणि ठरल्याप्रमाणे हरला.

ओवेन हार्ट या पैलवानाचं मात्र इतक्यात सांगू नकोस. मे १९९९, कॅन्सस सिटी. छतावरून दोरीने खाली येताना सुटला आणि गेला. चौतीस वर्षांचा. आणि शो तसाच चालू ठेवला. त्या दिवसाबद्दल मी त्या कंपनीला माफ केलेलं नाही. मी माफ करून कुणाला काय फरक पडतो म्हणा, पण नाही केलं.

सध्या एवढंच सांग की कोण जिंकणार ते आधी ठरतं, पण आपटायचं मात्र ज्याचं त्यालाच असतं. तेवढ्याने जेवेल. नाही जेवला तर मला व्हिडिओ कॉल लाव, मी लेकाला चोकस्लॅम समजावून सांगतो. उशीवर.

आणि हो. पाकिटात रेसलरचा फोटो असलेलं खेळायचं एक ट्रम्प कार्ड ठेवलंय, कोपरा चावलेला. तुझं अंडरटेकरचं कार्ड सातवीत हरवलं होतं. तू दोन दिवस रडलास आणि मी तुझ्याबरोबर अख्खी गॅलरी, जिने, अगदी गटारसुद्धा शोधलं. ते तेव्हा माझ्या कंपासपेटीत होतं.

आता पोराला दे. कुठून मिळालं ते तूच ठरवून सांग.

तुझा,
दिन्या