मक्याच्या दाण्याचा मुरघास : प्रात्यक्षिके गावात व्हावीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

खरीप मक्याची मळणी सुरू झाली की आमच्या येवला भागात दरवर्षी तोच प्रकार घडतो. परतीच्या पावसात सापडलेला मका बाजार समितीत नेला, की व्यापारी आधी मूठभर दाणे हातात घेऊन ओलावा पाहतो आणि मगच भाव बोलतो. केंद्राने २०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये जाहीर केला असला, तरी ओल्या मालाला तो कोणी देत नाही. दिवाळीत असा मिळेल त्या भावाने घातलेला मका उन्हाळ्यात आम्हीच भरडा म्हणून चढ्या दराने पोत्यापोत्याने विकत आणतो. ज्याच्या घरी गाई आहेत, त्याने निदान स्वतःपुरता मका दाण्याचा मुरघास (हवाबंद आंबवून टिकवलेले खाद्य) करून ठेवावा, असे मला दोन हंगामांच्या अनुभवावरून वाटते.

हिरव्या मक्याच्या कुट्टीचा मुरघास आता गावोगाव होतो. दाण्याच्या मुरघासात वाळलेला दाणा बारीक भरडतात, पाणी मिसळून एकूण ओलावा ३५ टक्क्यांच्या आसपास आणतात आणि माल हवाबंद करून किमान ६० दिवस मुरू देतात. ब्राझीलमध्ये ही पद्धत चांगली रुळली आहे, कारण तिथला मका बहुतांशी आपल्यासारखाच टणक, काचेसारख्या दाण्याचा आहे. अशा दाण्यात स्टार्चच्या कणांभोवती झीन या प्रथिनाचे घट्ट वेष्टन असते. ते पाण्यात विरघळत नाही आणि गाईच्या पोटातील जिवाणूंनाही सहज भेदता येत नाही. शेणात मक्याचे पिवळे कण दिसतात, ते यामुळेच. मुरण्याच्या काळात हे वेष्टन हळूहळू तुटत जाते, म्हणून दोन महिन्यांपेक्षा तीन-चार महिने मुरलेला माल अधिक पचतो. शिवाय पोत्यातल्या मक्याला लागणारे सोंडेही हवाबंद ड्रममध्ये जगत नाहीत.

पाण्याचा हिशेब मात्र काटेकोर हवा. दाण्यात १२ टक्के ओलावा असेल, तर १०० किलो भरड्याला सुमारे ३५ लिटर पाणी लागते. तोच दाणा २० टक्के ओला असेल, तर २३ लिटर पुरते. म्हणजे ज्या ओलाव्यापायी बाजारात भाव पडतो, तो इथे कामी येतो. पहिल्या वर्षी मी २०० लिटरच्या ड्रममध्ये १४० किलो भरडा भरला आणि वरून बादलीने ५० लिटर पाणी ओतले. माप बरोबर होते, रीत चुकली. तळाला चिखल झाला, मधला भाग कोरडा राहिला आणि उघडल्यावर हिरवट बुरशीचा एक थरच हाती आला. तो सगळा उकिरड्यावर गेला. दुसऱ्या वर्षी ताडपत्रीवर भरडा पसरून झारीने पाणी शिंपडत फावड्याने खालीवर केला, आणि मुठीत दाबल्यावर गोळा टिकतो, तळहात ओलसर होतो पण पाणी निथळत नाही, असे झाल्यावरच थराथराने तुडवून भरला. उघडला तेव्हा ताकासारखा आंबूस वास होता आणि गाईंनी गव्हाण चाटूनपुसून साफ केली.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे भाग आहे. हा दाणा पोटात लवकर आंबतो, त्यामुळे कोरड्या भरड्याऐवजी एकदम पूर्ण मात्रा दिली, तर आम्लता वाढते, गाय रवंथ कमी करते आणि दुधातले फॅट (स्निग्धांश) उतरते. फॅट उतरले की संकलन केंद्रावर दर कापला जातो, हे दूध घालणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पंधरा दिवसांत हळूहळू वाढवावा आणि सोबत चांगला सुका चारा असावा. दुसरे म्हणजे, मुरवल्याने अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष नष्ट होत नाही. काळपट, बुरशी लागलेला मका मुरवून खपवण्याचा मोह झाला, तर ते विष दुधापर्यंत पोहोचते.

खरी अडचण लहान गोठ्यांची आहे. ड्रम उघडल्यावर रोज किमान चार बोटे थर काढला नाही, तर माल गरम होऊन बिघडतो. एवढा थर उचलायला आठ-दहा गाई लागतात, आणि आमच्याकडे बहुतेकांच्या दावणीला दोन-तीनच असतात. त्यांच्यासाठी प्लास्टिकचे अस्तर असलेल्या ५० किलोच्या बॅगा सोयीच्या आहेत, कारण एक बॅग आठवडाभरात संपते. उघडलेला माल जास्त टिकावा म्हणून लॅक्टोबॅसिलस बुचनेरी या जिवाणूंचे कल्चर (विरजण) वापरतात. ते मला मोठ्या मुरघासाच्या मापाच्या पाकिटातच मिळाले आणि निम्म्याहून अधिक वाया गेले.

म्हणून कृषी विज्ञान केंद्रे, पशुसंवर्धन विभाग आणि दूध संघ यांना विनंती आहे, की मळणीच्या दिवसांत गावातच याची प्रात्यक्षिके घ्यावीत, संकलन केंद्रावर ओलावा मोजण्याचे एक यंत्र ठेवावे आणि कल्चर एका क्विंटलच्या मापाच्या पाकिटात उपलब्ध करून द्यावे.

आपला,
एक दूध उत्पादक शेतकरी,
ता. येवला, जि. नाशिक